दादाला दिलेलं कोकम

गावात थंड्याच्या बाटल्या बंद करायला निघाले ती मीच. आशा सेविका म्हणून दारोदार फिरायचे. रिकाम्या बाटलीत चमच्याचमच्यानं साखर ओतून दाखवायची. बायका तोंडाला पदर लावायच्या, "अगो बाय, एवढी?" आणि मला मेलीला भारी वाटायचं.

सगळ्यांत आधी ऐकलं ते माझ्या थोरल्या भावानं. तो मासेमारीच्या बोटीवर तांडेल, खलाशांचा म्होरक्या. मधुमेह जुना, तरी उन्हात थंडा हवाच. साखर ओतताना त्यानं एकदा पाहिलं आणि म्हणाला, "सोडला गो. तुझ्या शब्दाखातर." खरंच सोडला! मला इतका आनंद झाला की त्याच दिवशी भाट्याला त्याच्या घरी कोकम सरबताची बाटली नेऊन दिली. "तहान लागली की हे पी. घरचं आहे, पित्तालाही बरं."

ते कोकम मीच घातलेलं. रातांब्याच्या साली आणि साखर, थरावर थर, बरणी आठवडाभर उन्हात. बिनसाखरेचं, मिठातलं आगळ शेजारीच होतं. पण भावाला आंबट-खारट काय द्यायचं! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, ती मी. चमचे मोजून दाखवणारी, बरणीत ओंजळीनं साखर ओतली तेव्हा मोजली नाही. घरचं बाधत नाही, असंच आम्ही मानत आलो.

दिवाळीनंतर त्याच्या पायाला माशाचा काटा लागला. एवढासा. पंधरा दिवसांनी गेले तर जखम ओलीच, अंगठा जांभळा. मोरीत मुंग्यांची रांग. लघवीत साखर उतरली की मुंग्या येतात, हे गावाला शिकवणारी मी. तरी पाणी मारून घालवल्या. भीतीच वाटली मला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "गोड काय पिता?"

"छे! थंड्याला शिवत नाही," दादा ऐटीत म्हणाला. "बहिणीचं कोकम, चार पेले दिवसाला."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी पेनानं घोट्याच्या वर, लाली संपत होती तिथे, रेघ ओढली. बाहेर नेऊन मला सांगितलं, लाली हिच्यापुढे चढली तर पाय वाचणार नाही. कोकमाचं त्याला मीच सांगते, म्हटलं मी. पण रात्रभर त्याच्या खाटेशी बसून बोटीच्याच गोष्टी काढत राहिले.

सकाळी चादर वर केली. लाली रेघेच्या पुढे गेली होती. दादाला पडल्यापडल्या दिसत नव्हतं.

"घसा सुकलाय गो," तो म्हणाला. "तुझं कोकम आणलंस?"