दोघांत एक चहा

सौदीत दम्मामला विमान उतरलं तेव्हा डोक्यात एकच काम होतं. मुलाला, सुहासला, खरं सांगायचं. गेल्या वर्षी त्याची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा ह्याचा इकामा (राहण्याचा परवाना) नूतनीकरणात अडकलेला. येणं शक्य नव्हतं. त्याचा जीव तुटू नये म्हणून मी फोनवर सांगून टाकलं, "तिला शुद्धच नाही रे." धडधडीत खोटं. दोन दिवसांनी ती गेली.

रास अल खैरचा रस्ता सरळसोट. दोन्हीकडे वाळू, मध्येच उंट, आणि शेवटी समुद्राचं पाणी गोडं करणारा सुहासचा अवाढव्य प्रकल्प. गाडीत तो "एसी कमी करू का बाबा?" एवढंच बोलला. मन मोकळं करणं आमच्या घराण्यात कुणालाच जमलेलं नाही. पंधरा दिवस आम्ही हवा, भाजी आणि माझं बीपी यांवर काढले.

परतीच्या दिवशी दुपारी शेजारच्या मोरीसान या जपानी इंजिनिअरांनी चहाला बोलावलं. मी आपला नाशिकच्या सवयीने म्हणालो, "कशाला त्रास? दोघांत एक पुरे." सुहासने ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मोरीसान गंभीरपणे वाकले आणि त्यांनी खरोखरच एकच वाडगा घेतला. आपल्याकडे असं कुणी ऐकतं का?

"दाट माचा, म्हणजे त्यांचा हिरव्या पुडीचा चहा, असाच पितात बाबा, एकातून," सुहास पुटपुटला.

आधी खजूर आले. मग मोरीसाननी चहाच्या पानांची चाळून ठेवलेली हिरवी पूड वाडग्यात घातली, उकळलेलं पाणी जरा निवू दिलं, थोडंसंच ओतलं आणि बांबूच्या घुसळणीने सावकाश घोटत राहिले. दूध नाही, साखर नाही. मी घोट घेतला. कच्ची कोवळी मेथी चावल्यासारखा कडवटपणा, मग घशाशी किंचित गोडी. कड पुसून मी वाडगा सुहासला दिला. तो माझं उष्टं निमूट प्यायला, आणि मला राहवेना.

"आई शुद्धीवर होती रे. तुझी वाट बघत होती."

सुहासने वाडगा खाली ठेवला. "माहीत आहे, बाबा. तुम्ही फोनवर बोलत होतात ना, तेव्हा मागून तिचा आवाज आला होता. 'सुहास आला का?' म्हणून."

मोरीसानना मराठी कळत नव्हतं, पण त्यांनी मान खाली घातली.

विमानतळावर सुहास पाया पडला. मी त्याला उठवून जवळ घेतलं. रडू आलं ते विमानात बसल्यावर. वर्षभर हे पोर आईची हाक एकट्याने मनात घेऊन वावरलं, आणि मला कळूसुद्धा दिलं नाही. का, तर बाबांना वाईट वाटेल.