कोरडा डबा

सायखेड्याच्या आसपासच्या पाच-सहा गावांत हिरामणला सगळे डॉक्टर म्हणत. तो काही डॉक्टर नव्हता. बारावीनंतर कृत्रिम रेतनाचं प्रशिक्षण घेऊन त्र्याण्णव साली त्यानं काम धरलं. गाय माजावर आली की लोक त्याला बोलावत. लूनावर नायट्रोजनचा डबा आणि त्यात जातिवंत वळूंच्या बियाच्या गोठवलेल्या कांड्या. झाकण काढलं की पांढरी वाफ उसळे, बाया पदर तोंडाला लावून मागं सरत.

शहाण्णवच्या श्रावणात त्याची बायको सविता नाशिकला बाळंत झाली. पोट फाडून मुलगी झाली, पण सविताचा ताप उतरेना. हिरामण अकरा दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होता. बाराव्या दिवशी गावी आला, तर तीन घरची बोलावणी थांबलेली. डोळ्यावर झोप होती. वाफ येतेय का, हे न बघताच त्यानं कांड्या काढल्या अन् तिन्ही गाई भरवल्या. दुपारी डब्यात मापाची काठी घातली, तर तिच्यावर हिमाचा कण नाही. नायट्रोजन कधीच उडून गेला होता. बी मेलेलं.

भरवलेली गाय गाभ न राहता उलटणं काही नवं नव्हतं. तो गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण न जेवताच त्यानं लूना काढली.

पहिल्या घरी मल्हारीनं त्याला ओट्यावर चढू दिलं नाही. "आता गाय परत माजावर यायला एकवीस दिवस. ते तू भरून देणार का?" दुसऱ्या घरी नुसतं दार लोटलं. तिसरं घर सिंधुबाईचं. एकटी बाई, एकच गाय.

"मावशी, सकाळचं फुकट गेलं. डबा कोरडा होता. मी बघितलंच नाही."

"का रं नाय बघितलं?"

त्यानं दवाखान्याचं सांगितलं. सिंधुबाई गाईच्या पाठीवरचा हात काढून त्याच्याकडं वळली.

"आता कशी हे सविता?"

गावात आल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं. हिरामण तिथंच रडला.

"अंगावर दूध हे का तिच्या?"

"नाय. तापानं आटलं."

ती घरात गेली आणि अळिवाची पुरचुंडी घेऊन आली. "खीर करून घाल. अन् एकवीस दिवसांनी ये. गाय कुठं पळून जात नाय."

बाविसाव्या दिवशी गाय माजावर येऊन हंबरली. हिरामणनं आधी सिंधुबाईसमोर डब्यात काठी बुडवून दाखवली. काठी पांढरीफट्ट निघाली. पुढच्या ज्येष्ठात कालवड झाली. मल्हारी मात्र दोन वर्षं दुसऱ्याला बोलवत राहिला. हिरामणला त्यात काही वावगं वाटलं नाही.

कालवडीची गाय झाली, आईच्या दुपटीनं दूध देऊ लागली. पण तोवर सिंधुबाईची मनगटं धरली होती, पिळणं होईना. मग सविता सकाळ-संध्याकाळ जाऊन धार काढू लागली. लेक बरोबर असायची. सिंधुबाई तिला मांडीवर घेऊन गोठ्याच्या दारात बसे आणि भरल्या चरवीवरचा फेस बोटानं तिच्या ओठांना लावी.