हात मांडीखाली

मेघना कुणाच्याही समोर बसली की आधी आपले दोन्ही हात मांडीखाली घ्यायची. चटईवर मांडी घालायची, तळवे पालथे करून खाली सरकवायची आणि मग नुसती पाहत राहायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, पोरीला थंडी वाजते की काय. पण ते दिवस चैत्राचे होते आणि आसेगावात कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती.

तिच्यासमोर त्या दिवशी आमच्या गल्लीतली वंदना बसली होती. बैठक माझ्या ओसरीत, कारण आमचा बचतगट तिथेच बसतो. मेघनानं वंदनापुढे मोबाईलच्या आकाराचा एक पुठ्ठा ठेवला. त्यावर पेन्सिलीनं चौकटी काढलेल्या होत्या. "हाच मोबाईल समजा आणि अर्ज भरा," ती म्हणाली. वंदनानं चौकटीवर बोट ठेवलं की मेघनाचा एक हात बाहेर यायचा, तो पुठ्ठा उचलून दुसरा ठेवायचा आणि परत मांडीखाली जायचा.

"काय व म्याडम, हा मोबाईल चार्ज कराव लागते का नाई?" मागून कुणीतरी विचारलं. साऱ्या बाया खिदळल्या. मेघनाही हसली, पण हात काही बाहेर काढले नाहीत.

चारदोन पुठ्ठे झाल्यावर वंदना अडली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मेघनाकडे पाहिलं. मेघनाचे हात मांडीखालीच. मला असलं बघवत नाही. मी म्हटलं, "अवं, सांगत काहून नाई तिले? तुले तं सारं माहीत हाये ना?"

"माहीत आहे मावशी, म्हणून तर हात दाबून बसलेय," ती म्हणाली. "आज मी सांगीन. उद्या ही एकटी मोबाईल घेऊन बसेल, तेव्हा कोण सांगेल?"

उत्तर उद्धट होतं. पोरगी मला तिथेच आवडली. तसं मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. चहा टाकायला उठले.

ती सांगलीकडची. फॉर्म बनवणं हेच तिचं काम. हे ऐकल्यावर मी विचारलं, याला शिक्षण कशाला लागतं? रेघा मारायच्या आणि नावगाव विचारायचं. ती म्हणाली, "रेघा मारणं सोपं आहे मावशी. विचारणं अवघड आहे." रेशनचं धान्य आणि अंगणवाडीतून लेकरांना मिळणारा आहार, दोन्ही एकाच अर्जात मागता यावं आणि बायांना तो घरी बसून मोबाईलवर भरता यावा, असं सरकारनं ठरवलं होतं. पहिला फॉर्म तयारही झाला होता. तो कुणालाच भरता येईना म्हणून हिला पाठवलं होतं. मंगरूळपीरला खोली घेऊन राहिली आणि रोज सकाळच्या बसनं आमच्याकडे यायची.

मी चौथी शिकलेली. मला वाचता येतं, लिहिता येतं, घाई तेवढी जमत नाही. तो जुना फॉर्म मी वाचून पाहिला. त्यातलं एक वाक्य सुरू झालं की संपेपर्यंत डाळ शिजावी. मेघनाला म्हटलं तर ती म्हणाली, "जो प्रश्न समजावून सांगावा लागतो, तो प्रश्न नापास." हे तिचं ठरलेलं बोलणं. दुसरं ठरलेलं बोलणं म्हणजे, "तुम्ही चुकला नाहीत. फॉर्म चुकला." कुणीही काहीही गोंधळ घालो, ही तेच म्हणायची. एका बाईनं जन्मतारखेच्या जागी गावाचं नाव सांगितलं, तरी तेच.

एकदा मी चिडून म्हटलं, "म्हशीनं लाथ मारली तं तू बादलीले नापास करशील!"

"बादली कुठे ठेवली होती, ते आधी विचारीन," ती म्हणाली.

काम करायची तिची एक तऱ्हा होती. माझ्या चिंचेचे चिंचोके तिनं मागून घेतले होते. बाई ज्या पुठ्ठ्यावर थांबेल, त्या पुठ्ठ्यावर एक चिंचोका. चुकलीच पाहिजे असं नाही, नुसती थांबली तरी पुरे. "मला तुमची उत्तरं नकोत, तुमचं थांबणं पाहिजे," म्हणायची. संध्याकाळी सारे पुठ्ठे ओळीनं मांडायची आणि ज्यावर चिंचोक्यांचा ढीग, तो फाडून नवा करायची. बाया म्हणत, म्याडम खेळून राह्यली. मला तसं वाटलं नाही. दाणे निवडताना आपण जशी मान घालून बसतो, तशी ती बसायची.

बाकी मात्र तिला काही येत नव्हतं. भाकरी थापायला बसली तर परातीत निम्मी आणि हाताला निम्मी. आमचा ठेचा खाल्ला की नाक, डोळे, कान, सगळं लाल. तरी परत मागायची. दुपारी ओसरीतच तोंड उघडं टाकून झोपायची. मी तिच्या अंगावर लुगडं टाकलं की झोपेतच म्हणायची, "थांबा, सांगू नका." कुणाला म्हणायची, देव जाणे.

तर सर्वांत मोठा ढीग पडायचा तो एकाच पुठ्ठ्यावर. त्यावर लिहिलं होतं, 'कुटुंबातील एकूण सदस्य'. वंदना अडली होती तीसुद्धा तिथेच.

वंदनाची गोष्ट सांगायला हवी. तिचा नवरा ऊसतोडीला गेला, टोळी परत आली आणि तो आला नाही. कुणी म्हणे पुण्याकडे कामाला लागला, कुणी काही. फोन बंद. सासूनं, गोदाबाईनं, थोडे दिवस वाट पाहिली आणि वंदनाची चूल वेगळी काढली. घर एकच, दार एकच. सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, तीन विटा मांडून वंदना आणि तिची लहान मुलगी वेगळ्या शिजवून खाऊ लागल्या. रेशनकार्ड मात्र सासऱ्याच्या नावाचं. या मायलेकींच्या वाट्याचं धान्य दर महिन्याला येत होतं आणि गोदाबाईच्या कणगीत पडत होतं. वंदना दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायची. काम असलं तर खायची. मुलगी अंगणवाडीत खिचडी खायची, त्यातली थोडी डब्यात आईसाठी आणायची. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

वेगळं कार्ड मिळालं तर धान्य तिच्या हातात येणार होतं. त्यासाठीच तिचा हा खटाटोप. जुन्या फॉर्मवर तिनं एकदा अर्ज केला होता. सदस्यांच्या जागी तिनं सासू, सासरा, नवरा, सारे लिहिले. उत्तर आलं, या कुटुंबाचं कार्ड आधीच आहे. अर्ज नामंजूर.

त्या दिवशी पुठ्ठ्यावरही ती तेच करत होती. मी पुढे सरून म्हटलं, "अवं, दोन लिही! तू आन तुही पोरगी."

"दोन कशे लिहू मावशी?" ती म्हणाली. "माहा माणूस जिता हाये ना."

तिचा एक हात पोथीवर, म्हणजे मंगळसूत्रावर गेला होता. तिला मोजता येत नव्हतं असं नाही. दोन लिहायचं म्हणजे नवऱ्याला स्वतःच्या हातानं पुसायचं, असं तिला वाटत होतं. मेघनानं पुठ्ठ्यावर चिंचोका ठेवला आणि त्या दिवशीचं काम थांबवलं.

मी चहा आणला. मेघना काळा चहा प्यायची, दूध घातलेलं तिला चालत नसे. बशीत ओतून फुंकत फुंकत तिनं सहज विचारलं, "वंदनाताई, आज काय केलं होतं जेवायला?"

"कण्या. आन आंबाडीची भाजी."

"कोण कोण जेवलं?"

"मी आन माही पोरगी," वंदना म्हणाली. तिला क्षणभरही थांबावं लागलं नाही.

मेघनानं बशी खाली ठेवली. चहा तसाच राहिला. पिशवीतून कोरा पुठ्ठा काढला, त्यावर लिहिलं, 'तुमच्या चुलीवर रोज कोण कोण जेवतं?' आणि तो वंदनापुढे सरकवून पुन्हा हातांवर बसली. वंदनानं वाचलं आणि सांगितलं. तेच उत्तर. त्यात कुणाला पुसायचं नव्हतं. पुढचे दिवस मेघना तोच पुठ्ठा घेऊन आसपासच्या वस्त्यांवर हिंडली. त्याच्यावर चिंचोका क्वचित पडला.

पण गाव एक आणि वाशीमचं ऑफिस एक. तिथे तिला सांगितलं, चूल हा शब्द सरकारी कागदात बसत नाही. शिवाय दुसरी अडचण होती. कार्डातून वेगळं व्हायचं तर कुटुंबप्रमुखाच्या, म्हणजे सासऱ्याच्या, मोबाईलवर ओटीपीचा नंबर येणार, तो त्यानं सांगायचा, तरच अर्ज पुढे जाणार. म्हणजे ज्यांनी चूल वेगळी काढली, त्यांच्याकडेच जाऊन नंबर मागायचा. गोदाबाईनं दारातूनच सांगितलं होतं, "नंबर पायजे? माह्या पोराले घेऊन ये आंधी, मंग देतो नंबर."

मेघना वाशीमला खेटे घालत राहिली. बसमध्ये धूळ खाऊन यायची आणि माझ्या ओसरीत येऊन पडायची. मी म्हटलं, "कायले इतकी जीव काढून राह्यली? तुह्या पगारात फरक पडते का?"

"पगारात नाही पडत," ती म्हणाली. "झोपेत पडतो."

शेवटी तिनं वाशीमच्या साहेबांनाच आसेगावात आणलं. साहेब माणूस वाईट नव्हता. खुर्ची दिली तर खुर्चीत बसला, चहा दिला तर प्यायला. मेघना म्हणाली, "सर, तुम्ही एकदा भरून बघा ना." पुढ्यात जुनाच पुठ्ठा ठेवला आणि ती खाली चटईवर हातांवर बसली. साहेबांनी नाव सांगितलं, वय सांगितलं. 'कुटुंबातील एकूण सदस्य' आलं आणि ते थांबले. बायको-मुलं अमरावतीला, म्हातारी आई भावाकडे, स्वतः इथे खोली करून. म्हणाले, "म्हणजे नक्की कोण धरायचे?"

मेघनानं पुठ्ठ्यावर एक चिंचोका ठेवला.

साहेब त्या चिंचोक्याकडे पाहत राहिले. मग विचारलं, "हे काय आहे?" मागून वंदनाच म्हणाली, "तुमी नाई चुकले साहेब. फारम चुकला." इतकं हसू मी त्या ओसरीत कधी ऐकलं नव्हतं. साहेबही हसले.

चूल शब्द मंजूर झाला. नंबराचंही थोडंफार जमलं. प्रमुखाला आता नुसता निरोप जायचा, आणि चूल खरंच वेगळी आहे की नाही, ते अंगणवाडीच्या बाईनं येऊन पाहायचं. हे आमच्या तालुक्यापुरतंच, करून पाहू म्हणून. मेघना म्हणाली, तेवढं पुरे.

नवा फॉर्म खऱ्या मोबाईलवर आला, तेव्हा वंदना पुन्हा माझ्या ओसरीत बसली. रस्त्यापलीकडे गोदाबाई सूप घेऊन उभी होती. सुपात काही नव्हतं. वंदना एकेक पान वाचत गेली. शेवटच्या पानावर तिनं भरलेलं सगळं परत दाखवलं होतं आणि खाली विचारलं होतं, 'हे बरोबर आहे का?' तिथे ती थांबली. माझा हात आपोआप पुढे गेला. मेघनाचे हात तर मांडीखाली अडकलेले. तिनं खांद्यानंच मला ढकललं.

"मावशी, हात."

मी म्हातारी बाई, मला कुणी असं ढकललेलं नाही. पण हात मांडीखाली घेतले. चटई टोचते हे मला तेव्हा कळलं. वंदनानं रस्त्यापलीकडे एकदा पाहिलं आणि 'हो' दाबलं.

पुढे धान्य आलं. वंदनानं ते स्वतःच्या पिशवीत, स्वतःच्या डोक्यावर आणलं आणि गोदाबाईच्या समोरून सपरीत नेलं.

मेघना त्यानंतर फार दिवस राहिली नाही. दुसऱ्या जिल्ह्यात दुसरा फॉर्म होता. जायच्या आधी ती एका बटणासाठी भांडत होती. अर्जात शेवटी एक ओळ पाहिजे म्हणे, 'चुलीवर जेवणाऱ्यांत बदल झाला आहे का?' मी विचारलं, आता हे कशाला? ती म्हणाली, "माणसं येतात, जातात. फॉर्मला परत यायचं दार पाहिजे. आणि दाराची कडी आतून पाहिजे." निघताना पाया पडली. मी म्हटलं, उठ, बस चुकेल. ठेच्याची बाटली दिली. उरलेले चिंचोके ती घेऊन गेली. फॉर्मवर तिचं नाव कुठेही नाही. मी शोधून पाहिलं.

यंदा तूर सोंगायच्या, कापणीच्या वेळी वंदनाचा नवरा परत आला. कुठे होता, काय करत होता, ते त्यालाच माहीत. आला तो आईच्या चुलीवर जेवला. मग एक दिवस सपरीत येऊन बसला. मुलगी त्याला ओळखत नव्हती. नंतर तो रोज येऊन बसू लागला.

परवा दुपारी वंदना मोबाईल घेऊन माझ्या ओसरीत आली. तेच पान उघडलेलं होतं, चुलीवर जेवणाऱ्यांत बदल झाला आहे का.

"मावशी, काय करू?"

माझ्याजवळ उत्तर होतं. चांगलं कडक उत्तर होतं, आणि ते द्यायला माझी जीभही तयार होती. वंदनाचं बोट काचेच्या वर थांबलं होतं. मेघना असती तर तिनं तिथे एक चिंचोका ठेवला असता.

मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि अंगणात कोंबड्या काय करून राहिल्या आहेत, ते पाहत बसले. तिनं काय दाबलं, ते मी पाहिलं नाही. चूल तिची आहे.