सहा शर्ट, सगळे छत्तीसचे

सासूने वही-पेन्सिल घेऊन सुनेपुढे शिकायला बसावं, हा दिवस देवाने कटिंगबाईंना चौपन्नाव्या वर्षी दाखवला. आणि त्या अशा खुशीत होत्या, की सुनेलाच लाजल्यासारखं झालं.

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं कापड बेतलं. आता मापांचं काम कॉम्प्युटरवर जाणार होतं. साहेबांनी सरळच सांगितलं, "शनिवारी एका शर्टाच्या मापावरून सहा साइझ काढून दाखवा. जमलं तर कटिंगला राहा, नाहीतर बटणांच्या टेबलावर." तिथे त्यांच्यासाठी स्टूलसुद्धा मांडून झालं होतं. येता-जाता ते स्टूल बाईंच्या डोळ्यांत खुपायचं.

कारखान्याचा प्रोग्राम ज्या भाषेत होता, नेमकं त्याच भाषेत सुनेचं काम. ती म्हणाली, "आई, ही फंक्शनल भाषा आहे. एक फंक्शन म्हणजे एक काम. माप आत घालायचं, नवं माप बाहेर येतं."

"एवढंच? मग काढ तुझा लॅपटॉप बाहेर!"

पहिल्याच संध्याकाळी छातीच्या मापापुढे बाईंनी टाइप केलं, '३६, जरा सैल'. कंपायलर, म्हणजे लिहिलेलं तपासून मगच पुढे सोडणारा, लाल अक्षरांत अडून बसला.

"काय म्हणतोय गं?"

"इथे आकडाच हवा म्हणतोय. जरा सैल त्याला कळत नाही."

"अगं, गिऱ्हाईक असंच सांगतं!"

"आई, हा गिऱ्हाईक नाही हो."

"नाहीच. ह्या माझ्या सासूबाई आहेत. जाऊन बारा वर्षं झाली, आणि बघ, इथे येऊन बसल्यात! एक कंस उघडा राहिला तरी बोलणार!"

दोघी अशा हसल्या की गॅसवरचं दूध उतू गेलं. दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या प्रार्थनेत भर पडली, "देवा, सगळ्यांना सुखी ठेव, आणि कंस बंद करायची आठवण दे."

गुरुवारी प्रोग्राम न कुरकुरता चालला. छाती दोन इंच, खांदा अर्धा इंच, बाही पाव इंच, दर साइझला वाढव, असं लिहून झालं होतं. प्रिंटरने सहा पानं ओकली. बाईंनी चष्मा लावला. सहाच्या सहा पानांवर छाती छत्तीस!

"बहिरा आहे का हा? सहादा सांगितलं, वाढव म्हणून!"

सुनेने ओळी वाचल्या. "त्याने वाढवलंय, आई. तुम्हीच ते घेतलं नाहीत. मापांची मूळ यादी कधी बदलत नाही इथे. दर वेळी नवीन तयार होते. तिला नाव द्यायचं आणि तीच छापायची. तुम्ही दर वेळी मूळच छापलंत."

"हे कुठलं शास्त्र? शर्ट उसवून मोठा केला की तोच मोठा होतो."

सुनेने भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं. तिथे बाईंचा पहिला कागदी पॅटर्न लटकत होता, खाकी, कडा मऊ पडलेल्या. बाईंनीही वर पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई! त्याला मी कधी कात्री लावली? नवा कागद घ्यायचा, त्यावर उतरवायचं, वाढवायचं, नवाच कापायचा! हे तर मी बावीस वर्षं करतेय!"

त्यांनी सुनेला उचललंच जवळजवळ. शुक्रवारी भाजीवाल्यालासुद्धा सुनावलं, "मूळ बदलायचं नसतं, कळलं?" तो बिचारा मुळा बदलून द्यायला निघाला.

शनिवारी सहा पानं निघाली, छत्तीस ते शेहेचाळीस. साहेब भुवई उडवून म्हणाले, "आणि आता मला चौतीसचा हवा असेल तर? सगळं वाढवून बसलात."

"मूळ जागेवरच आहे, साहेब," बाई म्हणाल्या, आणि दोन ओळींत सातवं पान काढून हातात दिलं.

साहेबांनी दोनदा वाचलं. "बसा मग इथेच."

"बसते. एक मिनिट." बाई तरातरा बटणांच्या टेबलाशी गेल्या, आपलं स्टूल उचललं, आणि सगळ्यांच्या देखत ते नाचवत आणून कॉम्प्युटरपुढे ठेवलं.