ओली गोणपाटं

आज दुपारी कुपवाडात उन्हातल्या गाडीवर बसले आणि तापलेल्या रेक्झिनचा वास नाकात शिरला. बारावीनंतर इथल्याच एका कारखान्यात मी कामाला होते. गाड्यांना सावली नव्हती आणि पहिली पाळी भर दुपारी सुटायची. त्या उन्हाळ्यात कुणीतरी रोज सगळ्यांच्या सीटवर ओलं गोणपाट टाकून जायचं. कोण, ते ठाऊक नसल्यामुळं थंड सीटवर बसताना जो तो शेजारच्याकडं जरा मायेनं बघायचा.

मालकांनी कॅमेऱ्यात शोधलं. निघाल्या झाडलोट करणाऱ्या, रोज पायी येणाऱ्या शेवंताकाकू. लगेच शाल, नारळ, फोटो.

"आवं सायेब, कशाला माझं नाव काढलासा?" काकू पुटपुटल्या. टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटली आणि लेथवरचा दिलीप ओरडला, "काकू, माझीच गाडी दिसली न्हाई व्हय? शाल मिळाल्यावर लय मोठ्या झालासा." सगळे हसले.

सुपरवायझर म्हणाला, "हे आता तुमच्या कामातच धरलंय. एकबी गाडी चुकायची न्हाई."

"व्हय," म्हणत काकूंनी गोणपाट बादलीत बुडवलं. मान वर केली नाही.

तेव्हा मला तो सत्कार म्हणजे न्याय वाटला होता. आता संताप येतो. दिवसभर हुकूम झेलणारी ती बाई एवढं एकच काम स्वतःच्या मर्जीनं करत होती. तेवढंही कारखान्यानं शाल घालून काढून घेतलं.