कळंबची बोहनी

पाणी ओसरून दोन आठवडे झाले, तरी लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात, "काय मोहनराव, पाणी कमी पडतंय का?" आणि खो खो हसतात. हसू देत. मी त्यांना दुकानात बसवतो, चहा पाजतो आणि त्या दिवशीचं सगळं पहिल्यापासून सांगतो. सांगताना अजून माझा आवाज चढतो. पण गोष्ट माझी नव्हे, सिताराची आहे.

सितारा माझ्या शेजारच्या गाळ्यातली. तिचा नवरा इरफान बारामतीत पाण्याच्या जळालेल्या मोटरी दुरुस्त करतो. माझं दुकान ठिबकच्या नळ्यांचं आणि शेततळ्यात अंथरायच्या प्लास्टिकच्या कागदाचं. आमच्या दोघांकडे येणारा प्रत्येक शेतकरी मोटर राहू दे, कागद राहू दे, आधी एकच विचारतो, कालव्याला पाणी कधी सुटणार? सिताराला हे रोज शंभरदा सांगून कंटाळा आला. बाई शिकलेली आणि हट्टी. चार वर्षांपूर्वी तिनं स्वतः खटपट करून 'पाटाला पाणी' नावाची वेबसाइट काढली. उघडायची, आपलं गाव निवडायचं, की त्या गावाला पाणी कोणत्या तारखेला मिळणार ते दिसतं. कालव्यावरच्या माणसांना फोन करकरून ती तारखा गोळा करायची. कोणत्या गावात बसून किती जण बघताहेत तेही तिच्या स्क्रीनवर दिसायचं.

सुरुवातीला कोण बघतंय! सगळ्या गावांपुढे शून्य. फक्त कळंबपुढे रोज सकाळी सातला एक आकडा यायचा. तो तिच्या वडिलांचा. राजमहंमदभाई कळंबच्या खालच्या वस्तीवर, नीरा नदीच्या अगदी काठाला राहतात. चार म्हशी, थोडा ऊस आणि एक जुना मोबाइल. धारा काढून झाल्या की आधी लेकीची वेबसाइट उघडायची, मग दूध घालायला जायचं. मी एकदा त्यांना विचारलं, तर म्हणाले, "लेकीनं दुकान मांडलंय, बोहनी बापानं न्हाय करायची तर कुणी?"

इकडे सितारा 'कळंब : १' दिसलं की "झाली बोहनी" म्हणायची आणि मगच चहा घ्यायची. पुढं वाचक वाढले, रोजचे पाचशे-सहाशे झाले, तरी पहिला मान कळंबचाच राहिला.

माझा असल्या भानगडींवर विश्वास नव्हता. पण उन्हाळ्यात तिनं माझ्यामागं टुमणं लावलं आणि पानाच्या अगदी वर, सगळ्यात मोक्याच्या जागी माझी जाहिरात लावली. मिशीवर हात ठेवलेला माझा फोटो, खाली माझा नंबर आणि ठळक अक्षरात, 'पाणी कमी पडतंय? मोहनरावांना फोन करा!' बाकीच्या जाहिराती कुठल्याशा परदेशी कंपनीकडून आपोआप यायच्या. स्कूटर, मोबाइल, ट्रॅक्टर.

मग ऑगस्टचा तो दिवस आला. रात्रभर कोसळत होता. वरच्या धरणातून नीरेत पाणी सोडलं, आणि कालव्याची तारीख विचारणारी सगळी दुनिया आता नदीचं पाणी विचारायला लागली. सितारानं पहाटेच सगळं बदललं. गाव निवडा, तुमच्याजवळ नदी कुठवर आलीय ते बघा, कोणता पूल बंद आहे ते बघा. कुणीतरी हे गावोगावच्या ग्रुपवर टाकलं आणि काय सांगू महाराजा! आठला दोन हजार. दहाला वीस हजार. मी माझं दुकान उघडं टाकून तिच्या स्क्रीनपुढं जाऊन उभा राहिलो. काटेवाडी नऊशे, पणदरे अकराशे, इंदापूर चार हजार! पुणे-मुंबईपुढंही हजारांचे आकडे, नोकरीला गेलेली पोरं तिकडून गावाकडचं पाणी बघत होती. इरफान हातातली मोटर तशीच टाकून आकडे मोठ्यानं वाचत होता आणि प्रत्येक हजाराला मी टेबलावर थाप मारत होतो.

तेवढ्यात इरफान म्हणाला, "अगं, बाकीच्या जाहिराती कुठं गेल्या?"

खरंच, पानावर सगळीकडे पांढरे चौकोन. सितारानं चार बटणं दाबून पाहिलं आणि म्हणाली, "पुराच्या बातमीशेजारी आपलं नाव नको म्हणून मोठ्या कंपन्या जाहिरात काढून घेत्यात. आपोआप बंद हुती."

"म्हंजी एवढी माणसं आली अन् जाहिरातीच गेल्या?" इरफान कपाळाला हात लावून बसला.

"सगळ्या न्हाय," ती म्हणाली. "मोहनकाकांची मी हातानं लावल्याली, ती हाय."

माझी छाती फुगली. साठ हजार लोकांपुढं एकटा मी! तेवढ्यात माझा फोन वाजला. "मोहनराव, पाणी कमी न्हाय, गुडघ्याएवढं घरात हाय. येता का न्यायला?" ठेवतो न ठेवतो तोच दुसरा. तिसऱ्यानं तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. लोकांच्या घरात पाणी शिरलंय आणि वर मी मिशीवर हात ठेवून विचारतोय, पाणी कमी पडतंय का! शरमेनं मला घाम फुटला.

"सितारा, काढ ती आधी!"

"काढते काका. लाख हुतील आता, एवढं बघू द्या."

झाले. साडेअकराला लाखाचा आकडा पडला. इरफाननं आरोळी ठोकली. मीही अपमान विसरून नाचलो. सितारा हसत हसत गावांची यादी वरून खाली बघत होती आणि मधेच थांबली.

कळंबपुढे शून्य होतं.

"आज अब्बांची बोहनी झालीच न्हाय," ती म्हणाली. "अन् मी लाख मोजत बसले."

तिनं वडिलांना फोन लावला. लागेना. वस्तीवरच्या दुसऱ्यांना लावला. लागेना. आजूबाजूची सगळी गावं हजारांनी बघताहेत आणि कळंबसारख्या मोठ्या गावातून एकही माणूस नाही! रात्री वीज गेली असणार, मग टॉवरही बंद पडला असणार. म्हणजे नदी चढतेय हे सगळ्या जिल्ह्याला कळत होतं, पण काठावरच्या माणसांना ते कुणीच सांगितलं नव्हतं. इरफान गाडी काढायला धावला, पण मधल्या पुलावर पाणी होतं. सरकारी नंबर सतत एंगेज लागत होता.

सितारा मात्र रडत बसली नाही. तिनं माझा मिशीवाला फोटो उडवला, मजकूर उडवला आणि त्याच जागी लाल अक्षरात लिहिलं, 'कळंबच्या खालच्या वस्तीवर फोन बंद आहेत. नीरा चढते आहे. जवळ असाल तर जाऊन सांगा, माणसं वर काढा. या नंबरवर कळवा.' खाली नंबर माझाच ठेवला.

"तुझा टाक की," मी म्हणालो.

"तुमचा सगळ्यांना पाठ झालाय, काका."

आणि फोन सुरू झाले! आता शिव्या नव्हत्या. वालचंदनगरहून एक, जंक्शन गावाहून दोन. बाराला रविराज नावाच्या माणसाचा फोन आला. "मी कळंबच्या अलीकडंच हाय. ट्रॅक्टर-ट्रॉली हाय संगं. निघालो." मी ओरडलो, "बाबा, तुला शेततळ्याचा कागद फुकट देतो, पण जा!" माझ्या तोंडून दुसरं काही येईना. मग त्याचाही फोन लागेनासा झाला. तो टॉवर नसलेल्या भागात शिरला होता.

साडेबारा. एक. स्क्रीनवर दीड लाख झाले होते, पण तिकडं कुणी बघत नव्हतं. आम्ही तिघं एका ओळीवर डोळे लावून बसलो होतो. कळंब, शून्य. सितारा पान पुन्हा पुन्हा उघडत होती. शून्य. मी देवाला नवस बोललो, इरफानचे ओठ हलत होते.

सव्वाला आकडा बदलला.

कळंब : १.

सितारा उभी राहिली. नुसतं बोट स्क्रीनवर ठेवून ती आमच्याकडं बघत होती. मग तिचा फोन वाजला आणि तिनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"माळावर आलोय बघ रस्त्याला," राजमहंमदभाई सांगत होते. मागं ट्रॅक्टरचा आवाज आणि म्हशींचं हंबरणं. "बावीस माणसं हाईत, समदी निघाली. म्हशी बी हाईत. हितं रेंज आली."

"अब्बा, आधी फोन न्हाय का करायचा?" सितारा रडत रडत ओरडली. "जीव गेला हुता माझा!"

"अगं, तू सकाळधरनं कळंबपुढचा भोपळाच बघत बसली असशील. म्हणून आधी ते उघडलं, मग फोन लावला," म्हातारा म्हणाला. "बोहनी झाली न्हवं? मग च्या घे आता."