इंफाळचा पाऊस

पिकल्या राजेळी केळ्यांचा वास आला की ऐंशी सालच्या सुमाराचा वसईतला माझा दहावीचा वर्ग आठवतो. मी रंगीत खडूंनी नकाशे काढून दुसरं महायुद्ध शिकवत होते; स्टालिनग्राड, अल अलामीन ऐकताना मुलं जांभया देत. मग नव्या शिक्षिकेने जवळच्या गिरीज गावाहून आपल्या सासऱ्यांना आणलं. ते इंफाळला लढलेले. मुलांसाठी आणलेला केळ्यांचा घड टेबलावर ठेवून ते पावसाळ्यात पडलेल्या वेढ्याबद्दल बोलू लागले, तशी मुलं बाकं पुढे सरकवून ऐकू लागली. माझा जळफळाट झाला. "इंफाळला वेढा पावसाळ्यात नाही, मार्चमध्ये पडला," मी सर्वांदेखत म्हणाले. "असेल, बाई," ते शांतपणे म्हणाले, "दोस्ताला पुरलं तेव्हा पाऊस होता, तेवढंच ध्यानात आहे." तारीख माझीच बरोबर होती, पण आज निवृत्तीनंतरही ती आठवली की मान खाली जाते.